टँक आला होता

आमच्या विभागाच्या मोठ्या शहराचं नाव बदललं तेव्हा मी परभणीत पोस्टाच्या काउंटरवर बसत होते. त्या शहराचं जुनं नाव मी इथं लिहीत नाही आणि नवंही लिहीत नाही. जुनं लिहिलं की एक जण फोन करतो, नवं लिहिलं की दुसरा. निवृत्तीनंतर मला दुपारी छान झोप लागते आणि ती मोडलेली मला चालत नाही.

त्या दिवसांत एक गृहस्थ स्पीड पोस्टचं पाकीट घेऊन आले. पत्ता सगळा लिहिलेला, शहराची जागा तेवढी कोरी. म्हणाले, "मॅडम, जुनं नाव टाकलं तर पोचंल का परत यील?" मी म्हटलं, "पिन कोड बरोबर टाका. गावाच्या जागी सासऱ्याचं नाव लिहिलं तरी पोचेल." त्यांना राग आला. मी विनोद केला होता, त्यांना वाटलं मी कुठल्यातरी पक्षाची आहे. माझी मावसबहीण त्याच शहरात राहते. तिच्या घरी सासरे जुनं नाव म्हणतात, सून नवं म्हणते, एसटीच्या तिकिटावर तिसरंच काहीतरी लघुरूप येतं, आणि दूधवाला बिचारा नुसतं 'सिटी' म्हणतो. सगळे एकाच घरात राहतात आणि वेळेवर जेवतात.

हे दुसऱ्याच्या दारचं असेपर्यंत मला मजा वाटत होती. मग ते आमच्या वस्तीवर आलं.

आमची वस्ती पूर्णा तालुक्यात, चुडाव्याच्या स्टेशनापासून ऑटोनं अर्ध्या तासावर. नाव टँक. टँकवाडी नाही, टँकपूर नाही, नुसतं टँक. कॉलेजात कुणी गाव विचारलं की मी चुडावा सांगून मोकळी व्हायची. पण नावामागची कथा मात्र अभिमानाची होती, आणि त्या कथेचे मालक होते माझे वडील, अण्णा.

कथा अशी. निजामाचं राज्य मोडायला भारत सरकारनं फौज पाठवली, ज्याला आमच्याकडं अजूनही सगळे पोलीस ॲक्शन म्हणतात. त्या धामधुमीत फौजेचा एक रणगाडा, म्हणजे टँक, वाट चुकून आमच्या वस्तीवर आला आणि वेशीपाशी थांबला. रझाकार पळाले. बायकांनी टँकाला ओवाळलं. अण्णा तेव्हा सात वर्षांचे; त्यांनी टँकाला हात लावला आणि तो लय गरम होता. मग टँक गेला आणि नाव राहिलं. पुरावा म्हणून वेशीतला दगड दाखवायचा. त्यावर इंग्रजीत चार अक्षरं कोरलेली, टी-ए-एन-के. फौजेनं जाताना खूण म्हणून रोवला, असं सगळे सांगत. दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, त्या दगडापाशी झेंडा लागायचा, नारळ फुटायचा आणि बायका दगडाला शेंदूर लावायच्या. शेंदराचा थर इतका चढला की वरची चार अक्षरं तेवढी शाळेचे मास्तर दरवर्षी पुसून मोकळी ठेवायचे.

कथाही चढत गेली. माझ्या लहानपणी टँक नुसता थांबायचा. माझ्या लग्नापर्यंत त्यानं हवेत एक गोळा डागला होता. भावाची मुलं मोठी झाली तोवर टँक दोन झाले होते. वाढ मी अण्णांची म्हणत नाही, ऐकणारे आग्रह करायचे आणि अण्णा कुणाला नाही म्हणत नसत.

तर दोन वर्षांपूर्वी सरपंचांचा फोन आला. सरपंच खरं म्हणजे बाई आहेत, पण सरपंचपण त्यांचे यजमान करतात, म्हणून सगळे त्यांनाच सरपंच म्हणतात. ते म्हणाले, "ताई, टँक हा इंग्रजी शब्द हाय. गुलामीची खूण हाय. गावाचं नाव बदलायलोत आमी."

"मग सायकल? टेबल? मोबाईल?"

"ते काय गावाचं नाव हाय का?" ते म्हणाले. बरोबरच होतं.

नावावर दोन तट पडले. एका तटाला एका दिवंगत नेत्यांचं नाव हवं होतं. हे नेते फार वर्षांपूर्वी वस्तीवर येऊन डांबरी रस्ता देतो म्हणाले होते. रस्ता आला नाही, पण कृतज्ञता राहिली. या तटाचे पुढारी किराणा दुकानवाले आप्पा. त्यांच्या दुकानात महादेवाच्या तसबिरीशेजारी त्या नेत्यांचा फोटो आहे आणि उदबत्ती दोघांत एकच असते. दुसऱ्या तटाला रणगाड्याचा इतिहास नावात यायला हवा होता, तोही शुद्ध मराठीत. ग्रामसभेत दोन्ही बाजूंनी खूप घसे कोरडे केल्यावर तडजोड निघाली. आधी नेत्यांचं नाव, मग साहेब, मग मुक्तिसंग्राम, मग रणगाडानगर. पेंटर म्हणाला, एवढं बसवायला पाटी रुंद करावी लागंल, न्हाईतर अक्षर बारीक करावं लागंल. अक्षर बारीक करायला कुणीच तयार नव्हतं.

अर्ज आणि सोबत जोडायचा इतिहास लिहिण्याचं काम माझ्याकडं आलं, कारण पोस्टात आयुष्य काढलेल्या बाईला सरकारी मराठी येतं असा समज आहे. शिवाय प्रत्यक्ष साक्षीदार माझ्या घरातला. मुक्तिदिनाला नव्या पाटीचं अनावरण अण्णांच्या हातून करायचं, त्यांनी चार शब्द बोलायचे, शाल-नारळ घ्यायचा, असं ठरलं.

आई गेल्यापासून अण्णा जवळजवळ मुके झाले होते. भाऊ-भावजय चांगली आहेत, जेवण वेळेवर, औषध वेळेवर, पण माणूस ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत राही. विचारलं तर हूं म्हणे. आता मात्र भावाच्या फोनवरून रोज मला फोन. "बाई, कागद लिहिलास का? टँक कुठून आला ते नीट लिही. पूर्ण्याकडून आला." न्हाव्याला घरी बोलावून झालं, नवं धोतर आणून झालं. त्यांचा तो जुना आवाज ऐकून मला इतका आनंद व्हायचा की त्यांनी सांगितलं असतं तर मी रणगाड्याला पंखसुद्धा लावून दिले असते. मी तीन पानं लिहिली. 'थरारक' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा त्या अर्जात वापरला.

कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना पेंटरनं दगड रंगवायचा म्हणून शेंदूर खरवडला. खाली आणखी ओळी निघाल्या, उर्दूत. भावानं मोबाईलवर फोटो पाठवला. सरपंचांचा अंदाज होता की फौजेच्या मोठ्या अधिकाऱ्याचं नाव असणार.

आमच्या गल्लीत एक निवृत्त उर्दू मास्तर राहतात. मी फोटो घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी चष्मा बदलला, फोटो बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला आणि म्हणाले, "मॅडम, इसमें फौज-बीज कुछ नहीं. तालाब नंबर चार, महकमा-ए-आबपाशी. मतलब पाटबंधारे खातं. नीचे फसली सन है."

फसली म्हणजे निजामाच्या कारभारात चालायचं ते साल. त्यांनी बोटांवर हिशोब केला आणि सांगितलं की दगड पोलीस ॲक्शनच्या वीसेक वर्षं आधीचा आहे.

"आणि वर टँक लिहिलंय ते?"

"टँक बोले तो तालाब. साब लोगां तालाब को टँकच बोलते थे ना."

मी खो-खो हसले. दोन पिढ्या आम्ही एका तळ्याला ओवाळत होतो. मग आठवलं की दरवर्षी पावसात जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान गुडघाभर भरतं, आणि दरवर्षी सगळे म्हणतात की एवढं पाणी इथंच कामून साचतंय कोण जाणे. गाळानं भरलेल्या तळ्यात आम्ही शाळा बांधली होती. मी त्याच शाळेत चौथीपर्यंत शिकले. तिथंही मला कुणी टँक म्हणजे तळं असं सांगितलं नाही. उर्दू मास्तर माझ्याकडं बघून हसले, चहा आला, आणि चहा पिता पिता माझं हसू गेलं. कारण तळ्यावरून नाव पडलं असेल तर अण्णांनी हात कशाला लावला होता?

सरपंचांना मी लगेच फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, पत्रिका छापून झाल्यात. तळं म्हटलं तर पाहुणे येत न्हाईत." दुसऱ्या दिवशी पेंटरनं उर्दू ओळींवर भगव्या ऑइल पेंटचे दोन हात मारले, असं भावाकडून कळलं.

अण्णांना सांगायचं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. माणूस दोन वर्षांनी बोलायला लागलाय, त्याच्या तोंडातून त्याचा टँक काढून घ्यायचा? आणि नाही सांगितलं तर चारशे माणसांपुढं ते खोटं बोलणार आणि ते खोटं माझ्या सहीनं कचेरीत जाणार. शेवटी सकाळच्या गाडीनं चुडाव्याला उतरले, ऑटो केला, वस्तीवर गेले. भाऊ-भावजय शेतात होती. अण्णा ओट्यावर, नव्या धोतराची घडी मांडीवर घेऊन बसलेले. गाडीत मी गोड वाक्यं जुळवली होती. ती सगळी राहिली आणि मी चप्पल काढता काढताच म्हणून गेले, "अण्णा, टँक म्हणजे तळं हो."

"ठाऊक हाय मला," अण्णा म्हणाले.

मी खाली बसले.

"तळ्यावर चौकीदार होता," ते म्हणाले. "कमरंला पट्टा, पट्ट्याला पितळी बिल्ला. पाणी सोडायला तळ्याची मोरी उघडायची आन् लावायची, एवढंच काम. तो तळ्याला तळं म्हणायचा न्हाई. साहेब टँक म्हणायचे म्हणून ह्यो बी टँक. 'टँक पे जारा हूँ', 'टँक भर गया'. मोठ्या ऐटीत म्हणायचा. ते ऐकून समदे टँकावर, टँकावर म्हणायले. ही वस्ती त्याच्या तोंडातून आली बग, बाई."

मी म्हटलं, पुढं?

"त्याच्या बायकोला आमी चाची म्हणायचो. माझी माय तापानं पडली तवा दोन म्हैने मला तिनंच जेऊ घातलं. मग फौज आली म्हणून बातमी आली. इकडं न्हाई, दुसऱ्या वाटंनं गेली. आमच्याकडं काय फिरकली बी न्हाई. पण भवतालच्या गावची माणसं काठ्या घेऊन निघाली, निजामाचा माणूस कोन हाय ते हुडकत. आता चौकीदाराच्या कमरंला सरकारी बिल्ला. झाला निजामाचा माणूस. दुपारचा टाइम होता. चाची दोन लेकरं घेऊन दाराशी आली. 'बाई, दार उघडा' म्हणली. माझी माय उठली. माझा बाप दाराला पाठ लावून खाली बसला."

"तुम्ही कुठं होतात?"

"चुलीपाशी. भाकर खायलो होतो."

मी विचारलं, मग काय झालं.

"मग गेले. चौकीदार, चाची, लेकरं, समदे बांधावरून गेले. पोचले का न्हाई, कुठं गेले, कुनालाच ठाऊक न्हाई. काही दिसांनी कोन तरी अंमलदार इचारायला आला, चौकीदार कुठं हाय म्हणून. माझा बाप म्हणला, 'साहेब, टँक आला होता, त्याला भिऊन पळाला.' मोरीचा टँक बापाला ठाऊक होता, आन् फौजंचा टँक बाजारात ऐकला होता. समद्यांनी व्हय म्हटलं. मला सांगितलं, कुनी इचारलं तर सांग, टँक आला होता, म्या हात लावला. सांगता सांगता मला तो दिसायला लागला, बाई. गरम बी लागला."

आजोबांच्या फोटोला दर दसऱ्याला मी हार घालते. ते मरेपर्यंत दर साली पायी पोखर्णीच्या नृसिंहाला जायचे आणि आम्ही पाहुण्यांना त्यांची भक्ती कौतुकानं सांगायचो. देवापुढं उभं राहून ते काय म्हणत असतील, याचा विचार मी कधी केला नव्हता. मला त्यांचा संताप आला. अण्णांचाही आला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. सात वर्षांच्या पोरानं भाकर टाकून दार उघडायला हवं होतं, असं मी माझ्या घरात पंख्याखाली बसणारी बाई ठरवत होते.

"इतकी वर्षं सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"कुनी इचारलंच न्हाई. समदे म्हणायचे, टँकाचं सांगा."

मी म्हटलं, कार्यक्रमाला जाऊ नका, तब्येतीचं कारण सांगू. त्यांनी मान हलवली. "आता मी बोलंन," म्हणाले. काय बोलणार ते मी विचारलं नाही. मला भीती वाटत होती की ते टँकाचंच सांगतील, आणि तेवढीच भीती वाटत होती की सांगणार नाहीत. अर्ज सही न करता पर्समध्येच ठेवला.

मुक्तिदिनाला मंडप शाळेच्या मैदानात टाकायचा होता, पण पाणी साचल्यामुळं तो वेशीपाशी हलवला. पाहुणे दीड तास उशिरा आले. झेंडा झाला, सत्कार झाले, ज्यांचे सत्कार राहिले त्यांची समजूत झाली. सूत्रसंचालन सरपंचांनी स्वतःकडं ठेवलं होतं. "आन् आता, रणगाड्याला ज्यांनी हात लावला ते हात," असं म्हणून त्यांनी अण्णांना उभं केलं आणि माइक त्यांच्या तोंडाशी धरला.

अण्णांनी आधी काठी नीट टेकली. मग म्हणाले, "टँक आला न्हाई."

लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारा रंगात आला.

"टँक म्हंजे हे तळं. त्या तळ्यावर चौकीदार होता. त्याची बायको लेकरं घेऊन आमच्या दारात आली. आमी दार उघडलं न्हाई." एवढं बोलून त्यांचा श्वास लागला. मी पुढच्या रांगेत बसले होते आणि माझे डोळे भरून आले होते. अण्णांनी पुन्हा सांगितलं, "आमी दार उघडलं न्हाई. ती ओळखीची होती."

सरपंच हुशार माणूस. त्यांनी हळूच माइक काढून घेतला. "बघा मंडळी! काय दहशत होती रझाकारांची! लोक दारं लावून बसायचे! अशा काळातून आपलं गाव गेलं! जोरदार टाळ्या!"

टाळ्या खरंच जोरदार झाल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या. फोटोग्राफर अण्णांना म्हणाला, बाबा, इकडं बगा. त्यांच्या हातात दोरी दिली, पडदा सरकला, रुंद पाटी दिसली. तिच्यावरची अक्षरं खरोखर मोठी होती. चौकीदाराचा जो एक शब्द गावानं इतकी वर्षं तोंडात ठेवला होता, तोही आता काढला होता. अंगावर शाल पडलेले अण्णा तसेच उभे होते. कुणाला काही कळलं का, हे ते एकेका तोंडाकडं बघून शोधत होते.

तेव्हा बायकांच्या बाजूनं आवाज आला, "आमचं बी लावलेलंच होतं."

ती वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई, आमच्या मागच्या घरातली. इथंच जन्मलेली, इथंच दिलेली, अण्णांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. ती उभी राहिली नव्हती, बसूनच बोलली होती. सरपंचांनी तिच्याकडं पाहिलं आणि आभार मानायला आप्पांना बोलावलं. मंचावरून म्हाताऱ्या बाईपर्यंत माइक नेण्याइतकी वायर नव्हती, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

आप्पा आभार मानत असताना अण्णा काठी टेकत मंचावरून उतरले. खुर्ची दिली ती घेतली नाही. सरळ बायकांच्या सतरंजीवर, त्या म्हातारीच्या शेजारी जाऊन बसले. मी पाण्याची बाटली घेऊन मागं गेले. माझ्याकडं कुणीच बघितलं नाही.

"तुमच्या दाराशी किती हाका मारल्या रं तिनं?" म्हातारीनं विचारलं.

अण्णांनी तीन बोटं दाखवली.

"आमच्यात बी तीनच," ती म्हणाली.